“कोणी पाह्यलं?” विचारणाऱ्या बाई

उंदीरवाडे बाईंशी माझं पहिलं बोलणं झालं ते स्टाफरूममधल्या माठावरून. त्या रुजू झाल्या तो जूनचा कोरडा, तापलेला दिवस होता. नव्या माणसाला काहीतरी विचारावं म्हणून मी म्हणालो, “पाणी घ्या बाई, आजच भरलंय.”

बाईंनी ग्लास हातात घेतला आणि माझ्याकडे बघून विचारलं, “भरताना पाह्यलं का तुम्ही?”

मी पाहिलं नव्हतं. शिपाई रोज सकाळी माठ भरतो, म्हणजे आजही भरला असणार, एवढंच. बाईंनी झाकण उचलून आत डोकावून पाहिलं, पाणी अर्ध्यावरच होतं; मग माठ दोन्ही हातांनी उचलला, बाहेर कडुनिंबाच्या बुडाशी रिकामा केला आणि हातपंपावर जाऊन स्वतः भरून आणला. मग मला आधी ग्लास भरून दिला. मी तो प्यायलो, पण मनात चरफडत. पहिल्याच दिवशी माणसाला खोटं पाडणारी ही कोण बाई?

नव्वदच्या दशकाच्या मध्याची ही गोष्ट. पोंभुर्ण्याच्या बाजूला जंगलाच्या कडेला असलेल्या एका लहान कॉलेजात मी मराठी शिकवत होतो. मी वर्ध्याकडचा, अजून कायम न झालेला. बाई जीवशास्त्राच्या, झाडीपट्टीतल्याच, वय चाळिशीच्या पुढे. बुटक्या, जाड काचेचा चष्मा, सुती लुगडं आणि पायांत पुरुषांचे कॅनव्हासचे बूट. खांद्यावरच्या पिशवीत शिंप्याची फीत, दगड बांधलेला दोरा आणि पेन्सिली. वर्गात त्या पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलत. वर्गाबाहेर पाऊल पडलं की त्यांची बोली सुरू होई. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न असे, “कोणी पाह्यलं?” एस. टी. बंद आहे म्हटलं, कोणी पाह्यलं? अमक्याच्या विहिरीचं पाणी खारट झालं, कोणी पाह्यलं? पोरं आपसात नक्कल करत. पण वर्षभरात मी एक गोष्ट टिपली, की नक्कल करता करता पोरं तो प्रश्न खरोखरच विचारू लागली होती.

पोरांची वाखाणणी बाईंच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. एखाद्याने काम नीट केलं तर त्या म्हणत, “हं, पुढचं बोल.” तेवढ्यावर पोरं खूश.

बारावीनंतर नोकरीला अर्ज करायचा म्हणून प्रमोद नावाच्या मुलाने एकदा स्वतःची माहिती टाइप करून आणली. त्यात ‘माझ्या अंगी नेतृत्वगुण आहेत’ असं वाक्य होतं. बाईंनी ते वाचून चष्मा वर केला.

“कोणाचं नेतृत्व केलं तू?”

“मॅडम, सगळेच लिहितेत तसं.”

“कुठी नेलं लोकाईले? नेऊन काय केलं? वापस कोण आलं?”

प्रमोद हसायला लागला, पण बाई हसल्या नाहीत. “खोटं हाय असं मी म्हणत नाई. पण समोरच्यानं हेच विचारलं तं काय सांगशीन? आधी काहीतरी कर. मग लिहू.”

तिथून शनिवारची फेरी सुरू झाली. दर शनिवारी सकाळचं कॉलेज सुटलं की बाई पंधरा-वीस मुलामुलींना घेऊन दीड कोसावरच्या बोडीटोल्याला पायी जात. तिथे मालगुजारांच्या काळात बांधलेला जुना मालगुजारी तलाव आहे. त्याच्यावर चाळीसेक घरं मासोळी धरून जगतात आणि खालचा धान पिकतो. तलाव गाळाने भरत आला होता, काठाला बेशरमाच्या झुडपांचं रान माजलं होतं. बाईंनी पोरांना सांगितलं, की हा तलाव जिवंत ठेवायचा तर आधी तो माहीत करून घ्यायचा. पाणी किती, गाळ किती, कोणती मासोळी राहिली, कोणती गेली, बेशरम कुठवर आलं. प्रत्येकाला एक काम वाटून दिलं होतं आणि त्या कामाचा तोच मालक. बाईंनासुद्धा काही विचारायचं असेल तर त्यालाच विचारावं लागे. पुढे बेशरम उपटणं, गाळ खणून गावकऱ्यांच्या शेतात टाकणं, सगळं आलं. कोणत्या गल्लीतून किती माणसं येतील हे पोरंच घरोघर जाऊन ठरवत.

यात संशय घ्यायला काही नव्हतं असं आज वाटतं. तेव्हा मात्र सगळेच घेत होते. एकटी बाई, लग्न केलं नाही, स्वतः बदली मागून या कोपऱ्यात आलेली, शनिवारी दुपारी परक्या पोरांना घेऊन जंगलाच्या कडेने हिंडते, ती कशासाठी? कुणी म्हणे निवडणुकीला उभी राहणार. कुणी म्हणे नागपूरच्या कुठल्याशा संस्थेची माणूस आहे, तलावाची माहिती तिकडे पुरवते. आणखीही एक गोष्ट लोक आवाज खाली करून बोलत, ती जंगलातल्या बंदूकवाल्यांविषयीची. माझा विश्वास नागपूरच्या संस्थेच्या गोष्टीवर होता. माणूस उगाच एवढं चालत नाही, असं मला वाटे.

सर्वांत उघड संशय डोमाजीभाऊंचा होता. बोडीटोल्यातले ते जुने ढीवर, मासोळी धरणारे, तलावावर त्यांचा शब्द चाले. त्यांची रेखा बाईंच्याच वर्गात. पहिल्या शनिवारी त्यांनी पाळीवरच, तलावाच्या बांधावरच, बाईंना अडवलं.

“पोरीले शिकाले पाठोलं बाई, तलाव मोजाले नाई. तलाव तं मी जन्मापासून मोजून राह्यलो. तुमाले कायले पायजे? कोण्या ठेकेदाराले द्याचा हाय का?”

पोरं घाबरली. बाई म्हणाल्या, “संशय बरोबर हाय तुमचा, भाऊ. मी तुमच्या जागी असती तं मीही हेच म्हटलं असतं. असं करा, आम्ही इथी येऊ तवा तुमचा एक माणूस आमच्यासंगं ठेवा. जे लिहू ते त्याले वाचून दाखवू. वह्या तुमच्याच घरी राह्यतीन. कॉलेजात एक कागद जाणार नाई.”

डोमाजीभाऊंनी दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही, स्वतःच बसू लागले. वर्षभर ते पोरांच्या मागे मागे फिरले आणि चुका काढत राहिले. पोरं जिला नुसती ‘मासोळी’ लिहीत, तिची ते सात नावं सांगत. त्यांचा संशय मात्र गेला नाही. वह्या त्यांच्या घरी पत्र्याच्या पेटीत राहत आणि पेटीची चावी त्यांच्या करगोट्याला.

दुसऱ्या वर्षी प्रमोदला पोलिसांनी बसमधून उतरवलं. तो गडचिरोलीला मावशीकडे चालला होता आणि मावशीला दाखवायला डोमाजीभाऊंकडून मागून घेतलेला तलावाचा नकाशा पिशवीत होता. मोठा कागद होता, त्याच्यावर पाळ, पायवाटा, नाला, सांडवा, कुठे पाणी किती खोल, सगळं हाताने काढलेलं. तो काळच असा होता की त्या रस्त्यावर नकाशा बाळगणाऱ्या पोराला सोडणं कुठल्याही फौजदाराला अवघड गेलं असतं. निरोप आला तसा प्राचार्यांनी मला बाईंबरोबर पाठवलं. मदतीला पाठवलं की नजर ठेवायला, ते मला कळलं नाही. बाईंना कळलं असावं.

ठाण्यात प्रमोद बाकावर बसला होता, ओठ पांढरे पडलेले. फौजदाराने नकाशा टेबलावर पसरला आणि बाईंना विचारलं, “हे कोणासाठी काढलं?”

“मी नाई सांगणार,” बाई म्हणाल्या.  फौजदार खुर्चीत ताठ झाला. बाई शांतपणे पुढे म्हणाल्या, “नकाशा याचा हाय साहेब. याले विचारा. मी चुकीचं सांगितलं तं तुम्हाले कसं समजन? ज्यानं मोजलं तोच सांगन.”

प्रमोदने एकदा बाईंकडे पाहिलं. बाई भिंतीकडे बघत होत्या. मग तो उठला आणि टेबलाशी आला.  फौजदाराने बोट ठेवून विचारलं, “ही खूण कशाची?” “गाळाची, साहेब. बांबू टाकला तं दोन हात आत जाते.” “आणि ही वाट?” “ते ढोरं पाणी प्याले उतरतेत तिथली.” हळूहळू पोरगं रंगात आलं. कोणत्या बाजूने गाळ येतो, कुठला आधी काढायला हवा, तो कोणाच्या शेतात टाकला आणि तिथे धान कसा आला. अर्ध्या तासाने फौजदार स्वतःच विचारू लागला, आमच्या गावच्या तलावाचं असं करता येईल का? प्रमोद म्हणाला, “पाह्यल्याशिवाय नाई सांगता येत, साहेब.”

फौजदाराने प्रमोदला सोडलं, तो मावशीकडे गेला. परत येताना बसमध्ये मी बाईंना म्हणालो, “तो गांगरला असता तर? पोराचं आयुष्य गेलं असतं.”

“तं मी बोललीच असती ना,” बाई म्हणाल्या. “पण आधी त्याले बोलू द्याचं होतं.” मग खिडकीबाहेर पाहत त्या पिशवीतल्या दोऱ्याची गाठ सोडत आणि पुन्हा बांधत राहिल्या.  ते मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

बाईंच्या स्वभावातली ही धार एकदा त्यांच्यावरच उलटली. पाण्याची उंची मोजण्याचं काम डोमाजीभाऊंच्या रेखाकडे होतं. घाटाजवळ रंगाचे पट्टे ओढलेला बांबू रोवला होता. दर शनिवारी पाणी कुठल्या पट्ट्याला आहे ते ती लिहीत असे. त्या श्रावणात लागोपाठ चार शनिवार तिने एकच आकडा लिहिला. पाऊस पडला, उघडला, पुन्हा पडला, आणि पाणी बोटभरही हललं नाही. तलाव काठोकाठ भरलेला असता तर वरचं पाणी सांडव्यावरून वाहून गेलं आणि पातळी तेवढीच राहिली, असं म्हणता आलं असतं. पण बांबूवर सांडव्याच्या उंचीची जी खूण होती, तिच्या दीड हात खाली पाणी होतं.

भर वर्गात बाई म्हणाल्या, “पाणी एवढं शहाणं नसते रेखा. हे घरी बसून लिहिलेले आकडे आहेत.”

रेखा उभी राहिली. “मी पाह्यलं मॅडम,” एवढंच म्हणाली आणि दप्तर घेऊन निघून गेली. पुढे आठ दिवस ती कॉलेजात फिरकली नाही.

नंतरचं मला डोमाजीभाऊंनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं. त्या रविवारी बाई एकट्याच बोडीटोल्याला आल्या आणि बांबू पाहिला. रेखाने लिहिलेल्या पट्ट्यालाच पाणी होतं. सोमवारी रात्रभर पाऊस झाला. मंगळवारी त्या पुन्हा आल्या, पुन्हा तोच पट्टा. मग त्या बेशरमातून वाट काढत पलीकडच्या टोकाला, सांडव्याकडे गेल्या. पावसाळ्यात तिकडे कुणी जात नसे. झुडपांच्या आत सांडव्याचे वरचे दोन थर काढलेले होते. दगड बाजूला व्यवस्थित रचून ठेवले होते आणि त्या फटीतून पाणी आवाज न करता चाललं होतं. तलाव कितीही भरो, दीड हात पाणी कायम निघून जाणार अशी सोय कुणीतरी केली होती.

बाई तशाच, गुडघ्यापर्यंत चिखलात, डोमाजीभाऊंच्या दारात उभ्या राहिल्या. भाऊंनी त्यांना बसा म्हटलं नाही. सांडव्याचा विषय बाईंनी आधी काढला नाही. आत वाकून त्या म्हणाल्या, “रेखा, आकडा तुझा बरोबर होता. मी पाह्यल्याशिवाय बोलली. माझं चुकलं.”

 भाऊ म्हणाले, “पोरगी आठ दिवस जेवली नाई नीट. लबाड म्हटलं तुमी तिले, चार लोकाईत.”

“चार लोकाईतच माफी मागीन, भाऊ.”

बाई उभ्याच राहिल्या. बऱ्याच वेळाने आतून रेखाचा आवाज आला, “मंग पाणी कुठी चाललं, मॅडम?”

“ते मले माहीत हाय,” बाई म्हणाल्या. “पण मी सांगणार नाई. तुझं काम हाय ते. तू शोध.”

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी माफी मागितली. मी शेजारच्या वर्गावर होतो, मधली भिंत अर्धीच. “या मुलीने पाहिलं होतं आणि मी पाहिलं नव्हतं. तरी मी तिला खोटी ठरवली,” शुद्ध पुस्तकी मराठीत त्या म्हणाल्या. माझी पोरं फळा सोडून तिकडेच कान लावून बसली होती. शिक्षकाने विद्यार्थ्याची माफी मागितलेली त्यांनी कधी ऐकली नव्हती. मीही नव्हती ऐकली.

रेखाने दगड काढलेला सांडवा शोधून काढला. मग साऱ्या पोरांनी तो मोजला, चित्र काढलं. तलावाच्या वरच्या अंगाला, जिथे एरवी पाणी पसरायचं, तिथे बांध घालून पाडलेल्या धानाच्या नव्या बांध्याही त्यांना दिसल्या. त्या बापूरावजींच्या होत्या. बापूरावजी म्हणजे त्या पंचक्रोशीतले मोठे शेतकरी आणि आमच्या कॉलेजच्या मंडळावरचे वजनदार सभासद. पोरं पेटली. बाईंनी त्यांना तिथेच थांबवलं.

“बापूरावजीनं दगड काढले. कोणी पाह्यलं?”

कुणीच पाहिलं नव्हतं.

“तं मग नाव घ्याचं नाई. दगड जाग्यावर नाईत, हे पाह्यलं. पाणी चाललं, हे पाह्यलं. तेवढंच सांगाचं.”

पण बातमी जायची तिथे गेली. आठवड्याभरात प्राचार्यांनी मला बोलावलं. दार लावून घेतलं. “तुम्ही बाईंबरोबर ठाण्यात गेला होतात. त्यांच्या एकूण हालचालींबद्दल तुमचं मत लेखी हवं आहे. मंडळाला द्यायचंय.” मग टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, “तुमच्या कायम होण्याचाही विषय याच बैठकीत आहे.”

मी ते लिहिलं. मी कुणाच्या दडपणाखाली लिहिलं असं सांगून सुटता येणार नाही, कारण लिहिताना मला ते खरंच वाटत होतं. घरी बसून, चांगल्या अक्षरात, एक पानभर. ‘सदर शिक्षिकेचे हेतू संशयास्पद वाटतात. बाहेरील संस्थेशी त्यांचा संबंध असल्याचे ऐकिवात आहे. विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचे नुकसान होत असावे.’ भाषा माझी होती, डौलदार. मी कायम झालो.

पंधरा दिवसांनी बाई स्टाफरूममध्ये माझ्या समोर येऊन बसल्या. हातात माझ्याच पत्राची प्रत होती. मंडळाने ती खुलाशासाठी त्यांना पाठवली होती. त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली. विद्यार्थ्यांच्या वह्या तपासाव्यात तशी ती पेन्सिलीने तपासलेली होती. ‘ऐकिवात आहे’च्या खाली रेघ आणि समासात, ‘कोणाकडून?’ ‘असावे’ला गोल आणि बाजूला, ‘आहे की नाही?’ पानभर असंच. एकाच वाक्यापुढे बरोबरची खूण होती, ‘विद्यार्थी शनिवारी दुपारी चिखलाने भरलेले परत येतात.’

“हे एक तुम्ही पाह्यलं,” बाई म्हणाल्या. “याच्यावर मी बरोबर केलं. बाकीचं कोण बोललं ते लिहून द्या, म्हणजे मले उत्तर देता येईन.”

 आजूबाजूला चार जण चहा पीत होते. बाईंचा आवाज चढला नव्हता, कुणाला काही कळलंही नसेल.

“संशय घेऊ नका असं मी नाई म्हणत, सर,” उठता उठता त्या म्हणाल्या. “घ्या. पण पायी चालत या ना पाहाले. दीड कोस तं हाय.”

पुढच्या शनिवारी मी गेलो. बाईंनी माझ्या हातात एक बांबू दिला आणि गाळ मोजणाऱ्या पोराच्या हाताखाली मला लावून दिलं. त्या दिवसापासून मी त्यांच्या हाताखाली नव्हे, त्या पोराच्या हाताखाली होतो. तो मला “सर, सरळ धरा ना जी,” म्हणून रागवायचा.

दिवाळीच्या आधी बोडीटोल्याला शाळेच्या पटांगणात ग्रामसभा झाली. बापूरावजींनी विषय आणला होता. तलाव गाळाने मेला, त्यात पाणी राहत नाही, मासोळी उरली नाही, तर वरची जागा शेतीला द्यावी. बोलायला माणूस गोड. निम्मं गाव त्यांच्या शेतावर कामाला जाणारं, सगळे खाली मान घालून बसलेले. बाई मागे, बायकांच्या शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. मी वाट पाहत होतो की आता उठतील. त्या उठल्या नाहीत.

रेखा उठली. मागे पोरं वह्या घेऊन उभी राहिली. डोमाजीभाऊंनी सकाळीच पेटी उघडून वह्या काढून दिल्या होत्या.

“तलावात पाणी राह्यत नाई, हे खरं हाय,” रेखा म्हणाली. “काऊन राह्यत नाई, ते आमी पाह्यलं. गाळानं नाई. सांडव्याचे दोन थर नाईत.”

“हे पोट्टी मले पाणी शिकोते का?” बापूरावजी हसून म्हणाले.

“शिकोत नाई जी. चला, दाखवतो.”

आणि ती चालू लागली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. तिच्यामागे पोरं निघाली, पोरांमागे बायका, मग एकेक करून बाप्येही उठले. शेवटी खुर्चीत एकटं बसून राहणं बरं दिसेना म्हणून बापूरावजी आले. सारं गाव बेशरमातून सांडव्याशी पोचलं. बाजूला रचलेले दगड सगळ्यांनी पाहिले. 

“पावसापाण्यानं निसटले असन,” बापूरावजी म्हणाले.

रेखा म्हणाली, “निसटलेले दगड असे रचून बसत नाईत जी.”

मागून कुणीतरी फसकन हसलं. मग दुसरं कुणी. बापूरावजींच्या शेतावरचाच एक गडी हसताना मी पाहिला. डोमाजीभाऊ पाण्यात उतरले, वरचा दगड उचलून त्यांनी जागेवर ठेवला. मग कुणाला सांगावं लागलं नाही, हातोहात दगड देणारी रांग लागली. बापूरावजी तिथून निघून गेले ते कुणाच्या लक्षात आलं नाही. बाई त्या रांगेत मधेच कुठेतरी उभ्या होत्या, आलेला दगड पुढे देत.

तलाव वाचला, बाईंना मात्र जावं लागलं. वर्ष संपताच कॉलेजच्या संस्थेने त्यांची बदली अहेरीच्या शाखेत केली. कारण दिलं नाही. निरोपसमारंभ झाला नाही. प्रमोद आणि बाकीची पोरं मोर्चा काढायला निघाली, तेव्हा बाईंनी त्यांना विचारलं, “शनिवारी बांबू कोण पाहणार?” मोर्चा निघाला नाही. शनिवारची फेरी चालू राहिली. कागदावर शिक्षकाचं नाव लागे, ते माझं लागलं. नाव बाईंनीच सुचवलं, असं प्राचार्यांनी मला सांगितलं. मी बाईंना विचारलं, “माझंच का? माझ्यावर विश्वास आहे?”

“नाई,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही पोराईवर सहजासहजी विश्वास ठेवणार नाई. तपासान. तेच पायजे.”

हे कौतुक होतं की शिक्षा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

प्रमोद पुढे मृदसंधारण खात्याच्या एका मुलाखतीला गेला आणि नापास झाला. समोरच्या साहेबाने सांगितलेल्या गाळाच्या आकड्यावर त्याने “कुठी मोजलं साहेब?” असं विचारलं होतं. आम्ही कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या मुलाखतीत त्याने कुठल्यातरी दुसऱ्या साहेबाला हाच प्रश्न विचारला आणि त्या साहेबाने त्याला ठेवून घेतलं. रेखा शिकत शिकत गावातच राहिली. मच्छीमार संस्थेची सचिव झाली, त्या जागेवर तोवर कुणी बाई बसली नव्हती. डोमाजीभाऊंनी तिचे हिशेब तपासण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली आणि मरेपर्यंत सोडली नाही.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते अहेरीला, दोन हजार सालानंतर. परीक्षेच्या कामासाठी मला तिकडे पाठवलं होतं. मार्चचा महिना, मोह गळण्याचे दिवस. दुपारी पेपर संपल्यावर चौकशी केली, तर बाई वर्गातल्या मुलींना घेऊन जवळच्या एका टोल्यावर, लहानशा वस्तीवर, गेल्याचं कळलं. एका शिक्षकाच्या सायकलवर मागे बसून मी गेलो. जाताना तो शिक्षक मला म्हणाला, “तुमची बाई काय करून राह्यली इथी, काही समजत नाई बाप्पा. काहीतरी असन तिचं.” 

टोल्याच्या बाहेर मोठ्या मोहाखाली तीस-चाळीस बायाबापड्या बसल्या होत्या. मोह वेचायला सोपा जावा म्हणून खालचा पाचोळा पेटवतात आणि तीच आग जंगलात शिरते. तो न पेटवता झाडून, खाली जाळी अंथरून फुलं वेचायची, हे बाईंच्या मुलींचं त्या वर्षीचं काम होतं. सतरा-अठरा वर्षांची एक माडिया मुलगी उभी राहून बोलत होती, तिच्या भाषेत, हातवारे करून. समोरच्या म्हाताऱ्या तिला आडवे प्रश्न विचारत होत्या आणि ती एकेकीला उत्तर देत होती. मला एक शब्द कळत नव्हता. बाईंनाही सगळं कळत नसावं, कारण त्या कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या.

बाई सगळ्यांच्या मागे, मुलींच्या चपलांच्या ढिगाशेजारी, मातीत मांडी घालून बसल्या होत्या. केस पार पांढरे झाले होते. मी आल्याचं त्यांना समजलं नाही. मधेच त्यांना काहीतरी खटकलं असावं. त्यांनी वर्गातल्या मुलीसारखा हात वर केला.

उभ्या मुलीने तो पाहिला. “मॅडम, थांबा,” ती मराठीत म्हणाली. “आधी ह्या आजीचं होऊ द्या.” आणि म्हातारीकडे वळून पुन्हा आपल्या भाषेत बोलू लागली.

बाईंनी हात खाली घेतला आणि आपली पाळी येण्याची वाट पाहत बसून राहिल्या. माझी बस चारची होती. मी निघालो तेव्हाही त्यांची पाळी आली नव्हती.